विंडोज ९८ वरचा छापखान्याचा संगणक आणि त्यात अडकलेली स्मरणिका : कामाच्या नोंदी

७ जुलै २०२४

गडहिंग्लजमधल्या एका लहान छापखान्यात हा संगणक आहे. पेंटियम ३ प्रोसेसर, इंटेल ८१५ चिपसेटचा मदरबोर्ड, १२८ एमबी रॅम आणि २० जीबीची आयडीई हार्ड डिस्क असा त्याचा संच असून विंडोज ९८ सेकंड एडिशन, पानांची मांडणी करणारा पेजमेकर ६.५ आणि मराठी अक्षरजुळणीचे एक सॉफ्टवेअर त्यावर आहे. हे सॉफ्टवेअर मागच्या पॅरलल पोर्टमध्ये (प्रिंटर जोडण्याच्या जुन्या खाचेत) डोंगल, म्हणजे परवाना तपासणारे छोटे उपकरण, छापखान्याच्या भाषेत ‘लॉक’, असल्याशिवाय उघडत नाही. २००२ साली इथेच छापलेली एका वाचनालयाची स्मरणिका नव्या मजकुरासह पुन्हा काढायची आहे. छापील प्रत स्कॅन करून अक्षरे ओळखून घेण्याचा विचार झाला होता, पण न्यूजप्रिंटवर शाई इतकी पसरली आहे की देणगीदारांच्या याद्या तशा उतरवण्यापेक्षा हाताने पुन्हा टाइप करणे बरे. मूळ फाइली मिळाल्या तर हे सगळेच टळते. ‘पसारा काढून टाका’ हा सल्ला छापखान्याचे मालक अण्णांनी आजवर अनेकदा ऐकून घेतला आणि दरवेळी कॅबिनेट माळ्यावर ठेवून दिले, म्हणून निदान हे काम शक्य तरी झाले.

सध्या गणपती मंडळांच्या पावती पुस्तकांचा हंगाम असल्याने छापखान्यात मोकळी जागा रविवारीच मिळते. आज हार्ड डिस्कची केबल काढून ठेवली आणि त्यानंतरच कॅबिनेटला वीज दिली. जुना संगणक ‘चालू होतोय का ते बघू’ म्हणून थेट डिस्कसह सुरू करण्याचा मोह फार होतो. एसएमपीएस, म्हणजे संगणकाला वीज पुरवणारा भाग, बिघडलेला असेल तर डिस्क त्याच क्षणी जाते आणि पुढचे सारे कामच संपते. तपासल्यावर पाच व्होल्टच्या तारेवर व्होल्टेज डळमळताना दिसले. प्रोसेसरशेजारचे ६.३ व्होल्ट, १५०० मायक्रोफॅरडचे चार कपॅसिटर वरून फुगले होते आणि त्यांतल्या एकाच्या बुडाशी तपकिरी राळ साचली होती. त्या काळातल्या अनेक मदरबोर्डांवर हा रोग आढळतो.

१४ जुलै

गावातल्या रेडिओ दुरुस्ती करणाऱ्या कारागिराने चारही कपॅसिटर बदलून दिले. तेवढ्याच क्षमतेचे, १०५ अंश सेल्सिअसपर्यंत चालणारे आणि अंतर्गत रोध कमी असलेले कपॅसिटर मागवले होते. कामासह ३५० रुपये लागले. नव्या एसएमपीएसला ८५० रुपये पडले, पण तो निवडताना एक गोष्ट पाहावी लागली. आजचे एसएमपीएस आपली बहुतेक ताकद १२ व्होल्टच्या तारेवर ठेवतात, तर पेंटियम ३ च्या काळातले बरेच मदरबोर्ड प्रोसेसरची वीज पाच व्होल्टवरून घेतात. म्हणून खोक्यावर छापलेल्या मोठ्या वॅटच्या आकड्याला न भुलता, बाजूच्या तक्त्यात पाच व्होल्टसमोर २० अँपिअरहून अधिक लिहिले आहे का, ते बघावे. २४ पिनांचा प्लग २० पिनांच्या खाचेत बसतो. चार पिना बाहेर राहतात आणि त्याने काही बिघडत नाही.

बायोसचा (संगणक सुरू होताच चालणाऱ्या मूळ प्रोग्रॅमचा) सेल मेलेला होता. ४० रुपयांचा सीआर २०३२ घातल्यावर तारीख टिकू लागली, पण सेल मेल्याने बायोसमधल्या सगळ्या जुन्या सेटिंग्ज पुसल्या गेल्या होत्या. त्याचे परिणाम पुढे दोन ठिकाणी भोवले.

मग डिस्कची नक्कल. लिनक्समधला जीएनयू डीडीरेस्क्यू यासाठी वापरला, कारण तो आधी चांगला भाग भराभर उचलतो, खराब जागा नोंदवहीत टिपून ठेवतो आणि त्यांच्याकडे नंतर वळतो. मध्येच वीज गेली तरी त्या नोंदवहीमुळे काम जिथे थांबले तिथूनच पुढे सुरू होते. आजचा दिवस मात्र ७०० रुपयांच्या यूएसबी ते आयडीई अ‍ॅडॅप्टरने खाल्ला. डिस्कवरची खराब जागा आली की अ‍ॅडॅप्टर गोठतो, लिनक्सला डिस्क गायब झालेली दिसते आणि तिथून पुढचा सगळा भाग खराब म्हणून नोंदला जातो. केबल बदलून, जंपर मास्टरवर आणून, अ‍ॅडॅप्टरला वेगळी वीज देऊनही फरक पडला नाही. निरोगी डिस्कसाठी असले अ‍ॅडॅप्टर चालतात, आजारी डिस्कसाठी चालत नाहीत.

२१ जुलै

आयडीईचा खराखुरा पोर्ट असलेला एक जुना कोअर २ ड्युओ संगणक मिळाला. त्यावर पेन ड्राइव्हमधून लिनक्स चालवून तीच नक्कल पुन्हा घेतली. चांगला भाग तासाभरात उतरला आणि खराब जागांसाठी संगणक रात्रभर चालू ठेवला. शेवटी फक्त काही किलोबाइट हाती लागले नाहीत.

ते किलोबाइट कोणत्या फाइलींमधले आहेत, हे शोधण्याची एक सोपी युक्ती आहे. नकलेची आणखी एक प्रत करावी, डीडीरेस्क्यूच्या भरण्याच्या पर्यायाने न वाचलेल्या जागांमध्ये एखादे विचित्र वाक्य भरावे, प्रत लिनक्समध्ये माउंट करावी, म्हणजे डिस्कसारखी जोडून उघडावी, आणि ते वाक्य कोणत्या फाइलींमध्ये सापडते ते शोधावे. माउंट करताना पार्टिशन ६३ व्या सेक्टरपासून सुरू होते हे सांगावे लागते. ६३ गुणिले ५१२ म्हणजे ३२२५६ बाइट, आणि त्या काळच्या बहुतेक डिस्कांना हाच आकडा लागू पडतो. आमचे वाक्य तीन ठिकाणी निघाले. एक विंडोजची स्वॅप फाइल, जिचे काहीच महत्त्व नाही. दुसरी एक जुने बिल. तिसरी सिस्टम.डॅट, म्हणजे विंडोज ९८ च्या रजिस्ट्रीचा (सगळ्या सेटिंग्जच्या साठ्याचा) मुख्य भाग. स्मरणिकेच्या सर्व फाइली शाबूत होत्या.

मूळ डिस्क स्थिर विजेपासून वाचवणाऱ्या पिशवीत घालून, तारीख लिहून, कपाटात ठेवली. इथून पुढचे सारे प्रयोग नकलेवर.

२८ जुलै

नक्कल ३२ जीबीच्या कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्डावर उतरवली आणि आयडीईच्या छोट्या पट्टीवर बसवून ते कार्ड मूळ संगणकात लावले. कार्ड आणि पट्टी मिळून २,९०० रुपये लागले. या कामातला सर्वांत मोठा खर्च हाच, आणि तो वाचवण्यासाठी जुन्या बाजारातली आणखी एक थकलेली हार्ड डिस्क आणण्यात अर्थ नव्हता. कार्डाचा दुसरा फायदा असा की संगणक बंद करून, कार्ड काढून, ते थेट लॅपटॉपमध्ये वाचता येते. विंडोज ९८ मध्ये पेन ड्राइव्हसाठी सर्वसाधारण ड्रायव्हर येत नाही आणि नव्या विंडोजमध्ये फाइल देवाणघेवाणीची जुनी पद्धत बंद करून ठेवलेली असते, त्यामुळे नेटवर्कची खटपट करण्यापेक्षा हा मार्ग कितीतरी सोपा आहे.

पहिल्यांदा सुरू करताच ‘इनव्हॅलिड सिस्टम डिस्क’. सेल मेल्याचा पहिला परिणाम तो हाच. बायोसमध्ये डिस्कची पद्धत ‘नॉर्मल’वर गेली होती. ती ‘एलबीए’ केल्यावर विंडोजचे ढगांचे चित्र आले आणि तिथेच संगणक थांबला.

सुरुवातीलाच कंट्रोलची कळ दाबून धरली की विंडोज ९८ चा मेनू येतो. त्यातला ‘लॉग्ड’ हा पर्याय निवडल्यास सी ड्राइव्हवर बूटलॉग.टीएक्सटी तयार होते. या फाइलीत ‘लोडफेल’ असे शब्द दिसले की घाबरू नये, कारण एनडीआयएस२सप आणि व्हीशेअरसारख्या काही ड्रायव्हरांपुढे ते धडधाकट संगणकावरही येतात. खराब सेक्टर सिस्टम.डॅटमध्ये असल्याचे आधीच कळले असल्याने लॉग वाचत बसलो नाही आणि डॉसमध्ये जाऊन स्कॅनरेग रिस्टोअर ही आज्ञा दिली. विंडोज ९८ रोज पहिल्यांदा नीट सुरू झाले की रजिस्ट्रीची प्रत सिसबीकअप नावाच्या लपवलेल्या फोल्डरात ठेवते आणि एरवी अशा पाच प्रती सांभाळते. प्रतींच्या यादीतल्या तारखांवर मात्र विश्वास ठेवता येईना, कारण सेल मेल्यापासून संगणक रोज कारखान्यातल्या तारखेवर परत जात होता. तारखेऐवजी प्रतीपुढे ‘स्टार्टेड’ लिहिले आहे का ते पाहिले, म्हणजे त्या प्रतीने विंडोज एकदा तरी नीट सुरू झाले होते. अशी पहिली प्रत परत आणल्यावर डेस्कटॉप उघडला.

लगेच डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन डिस्कपुढची ‘डीएमए’ची (प्रोसेसरला मध्ये न घेता डेटा हलवण्याच्या पद्धतीची) खूण काढली. स्वस्त पट्ट्यांवर डीएमएच्या तारा जोडलेल्याच नसतात आणि मग मोठी फाइल वाचताना संगणक अधूनमधून अडखळतो. वेग थोडा कमी झाला, पण या कामाला तो पुरेसा आहे.

४ ऑगस्ट

अक्षरजुळणीचे सॉफ्टवेअर ‘लॉक सापडले नाही’ असे म्हणते. सेल मेल्याचा दुसरा परिणाम इथे निघाला. बायोसमध्ये पॅरलल पोर्ट ‘ईसीपी’वर होता, तो ‘एसपीपी’ (जुनी साधी पद्धत), पत्ता ३७८, आयआरक्यू ७ असा केला. तरीही नाही. लॉक काढून पिना आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसल्या, ड्रायव्हर पुन्हा बसवला, सेफ मोडमधून जुना पोर्ट काढून टाकून विंडोजला तो नव्याने शोधू दिला. दुपार गेली. संध्याकाळी पावत्यांचे गठ्ठे मोजायला आलेल्या ताई, ज्यांनी या संगणकावर पंधरा-वीस वर्षे जुळणी केली, त्या मागे उभ्या राहून म्हणाल्या, “प्रिंटर चालू करा की आधी. त्याच्याशिवाय ते कधी उघडतच नव्हतं.”

प्रिंटर चालू केला आणि सॉफ्टवेअर उघडले. कारण उघड आहे. प्रिंटरची केबल लॉकच्या पाठीवर जोडलेली असते, आणि बंद प्रिंटर पोर्टच्या तारांवरचे सिग्नल आपल्याकडे ओढून इतके अशक्त करतो की लॉकचे उत्तर संगणकापर्यंत पोचत नाही. प्रिंटर चालू ठेवावा किंवा त्याची केबल पूर्ण काढावी, दोन्ही चालते. असला संगणक उघडण्यापूर्वी तो वापरणाऱ्या माणसाला रोज सकाळी काय काय करायचा ते क्रमाने विचारून घ्यावे, मॅन्युअल मागाहून.

११ ऑगस्ट

पेजमेकरमध्ये स्मरणिकेची पहिली फाइल उघडताच फॉन्ट जुळत नसल्याची पॅनोसची (पर्यायी फॉन्ट सुचवणाऱ्या सोयीची) खिडकी आली. फॉन्ट फोल्डरात आहेत, यादीत नाहीत. फोल्डर मोजला तर त्यात हजाराहून बरेच अधिक फॉन्ट निघाले. विंडोज ९८ ला साधारण हजार ट्रूटाइप फॉन्टच पेलतात, कारण त्यांची नावे रजिस्ट्रीतल्या ज्या एका नोंदीखाली राहतात तिची मर्यादा ६४ केबी आहे. त्यापुढचे फॉन्ट दिसतात, गायब होतात, पुन्हा दिसतात. डीटीपीच्या प्रत्येक जुन्या संगणकावर कुणीतरी ‘पाच हजार फॉन्ट’वाली सीडी रिकामी केलेली असतेच. लग्नपत्रिकांचे आणि इंग्रजी नक्षीचे फॉन्ट वेगळ्या फोल्डरात हलवल्यावर स्मरणिकेचे फॉन्ट परत आले.

त्या खिडकीत ‘टेम्पररी’ आणि ‘परमनंट’ असे दोन पर्याय असतात. ‘परमनंट’ निवडून फाइल सेव्ह केली की मूळ फॉन्टचे नाव फाइलीतून जाते आणि कोणता परिच्छेद कोणत्या फॉन्टमध्ये होता हे पुन्हा कळत नाही. फॉन्ट पूर्ण सापडेपर्यंत सेव्हच करू नये, आणि उघडावी ती फाइलीची प्रत.

सर्व पाने आधी जशीच्या तशी पीडीएफमध्ये घेतली, म्हणजे पुढे मजकूर बदलताना मूळ पान समोर राहते. त्यासाठी विंडोज ९८ सोबत येणारा अ‍ॅपल लेझररायटरचा पोस्टस्क्रिप्ट (छपाईच्या पानाची भाषा) ड्रायव्हर बसवला, त्याचा पोर्ट ‘फाइल’ ठेवला, तयार झालेली फाइल कार्डावरून लॅपटॉपवर आणली आणि घोस्टस्क्रिप्ट या प्रोग्रॅमने तिची पीडीएफ केली. पाने हुबेहूब आली. लॅपटॉपवर लिब्रेऑफिसमध्ये पेजमेकरची फाइल थेट उघडून पाहिली होती. तिथे ढोबळ मांडणी आली, पण याद्यांचे स्तंभ विस्कटले.

१८ ऑगस्ट

आता मजकूर. विंडोज ९८ ला देवनागरी येत नाही. ती सोय विंडोज २००० पासून, मंगल फॉन्टसह आली. त्याआधीची सॉफ्टवेअरे इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवून काम भागवत. पेजमेकरमधून साधा मजकूर म्हणून बाहेर काढला तर फक्त इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची भेसळ मिळते. शिवाय साध्या मजकुरात फॉन्टचे नाव राहत नाही, त्यामुळे मूळ इंग्रजी शब्दही रूपांतरात देवनागरी समजले गेले आणि पुस्तकांच्या यादीतली सगळी इंग्रजी नावे निरर्थक झाली. तो सगळा मजकूर टाकून दिला आणि आरटीएफमध्ये पुन्हा काढला, कारण त्यात प्रत्येक तुकड्यासोबत फॉन्टची नोंद राहते. मग पायथनमध्ये असा प्रोग्रॅम लिहिला की मराठी फॉन्टमधले तुकडेच बदलले जावेत. फाइल वाचताना सांकेतिकरण विंडोज १२५२ असे स्पष्ट सांगावे लागते, नाहीतर १२८ च्या पुढचे सगळे तुकडे प्रश्नचिन्हे होऊन येतात.

फॉन्टचा तक्ता हाताने केला. प्रत्येक कळीचे चित्र छापून त्यापुढे ते कोणत्या अक्षराचा तुकडा आहे ते लिहिले. या कामाला आठवड्याच्या संध्याकाळी गेल्या, पण तयार रूपांतरकांपेक्षा तो तक्ता भरवशाचा निघाला.

२५ ऑगस्ट

नुसत्या तक्त्याने भागत नाही, कारण हे फॉन्ट डोळ्यांना दिसते त्या क्रमाने अक्षरे ठेवतात. ‘ग’ म्हणजे अर्धा ग आणि एक काना. ‘गा’ म्हणजे अर्धा ग आणि दोन काने. म्हणून पहिला नियम असा : अर्ध्या अक्षरामागे काना आला तर अर्धेपण आणि काना दोन्ही काढावेत. हा नियम सर्वांत आधी चालला पाहिजे. तो मागे राहिला तर ‘गणपती’चे ‘ग्ाण्ापत्ाी’ होते, आणि असे तुकडे एकदा पुढच्या नियमांत शिरले की कुठे बिघडले ते शोधून काढणे फार अवघड जाते.

ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी टंकलेली असते, ती उचलून मागे न्यावी लागते, आणि नुसत्या पुढच्या अक्षरामागे न्यावी तर ‘स्थिती’ बिघडते. ती पूर्ण जोडाक्षर ओलांडून गेली पाहिजे. रफार याच्या उलट : तो शेवटी टंकलेला असतो आणि जोडाक्षराच्या आधी आणावा लागतो. ‘कर्मचारी’ लगेच जमला, पण ‘सर्वांना’मध्ये रफार आणि अनुस्वार यांचे मिळून एकच चिन्ह आहे, त्याला तक्त्यात वेगळी ओळ द्यावी लागली. लांब चिन्हसमूह आधी आणि सुटी चिन्हे नंतर असा क्रम ठेवला की निम्म्या अडचणी आपोआप मिटतात.

सर्वांत जास्त वेळ ‘ऱ्य’ने घेतला. रफाराचा नियम त्यालाही लागला आणि ‘कार्यकारिणीच्या दुसऱ्या सभेत’चे ‘दुसर्या सभेत’ झाले. ‘येणाऱ्या’, ‘देणाऱ्या’, ‘वऱ्हाड’ सगळ्यांची तीच गत. वर्तनी तपासणाऱ्या यादीवर विसंबून हे सुधारता येत नाही, कारण ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ दोन्ही शब्द खरे आहेत. सुदैवाने या फॉन्टमध्ये त्या चंद्रकोरीसारख्या र साठी वेगळी कळ होती. माझ्या तक्त्यात ती रफारासमोर लिहिली गेली होती, ती वेगळी केली. आपल्या फॉन्टमध्ये अशी कळ आहे का, हे पहिल्याच दिवशी पाहावे.

१ सप्टेंबर

दुसरी प्रत म्हणून तीच नक्कल लॅपटॉपवर व्हर्च्युअलबॉक्समध्ये, म्हणजे आभासी संगणक चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, चालवली. रायझेन प्रोसेसरवर विंडोज ९८ सुरू होताच एक्सप्लोरर कोसळत होता. नव्या प्रोसेसरांवर विंडोज ९८ च्या स्मृती हाताळणीतला एक जुना दोष उघडा पडतो आणि पॅचर९एक्स हा फुकट मिळणारा प्रोग्रॅम फ्लॉपीच्या प्रतिमेवरून चालवला की तो बुजतो. त्यानंतर नवे भाग ओळखताना विंडोज वारंवार सीडी मागते, म्हणून सीडीतला विन९८ फोल्डर आधीच डिस्कवर ठेवावा. डिस्प्लेचा सर्वसाधारण व्हीबीई ड्रायव्हर बसवेपर्यंत ६४० बाय ४८० आणि १६ रंग एवढेच मिळतात, आणि तेवढ्या जागेत पेजमेकरच्या खिडक्या एकमेकींवर पडतात.

या आभासी संगणकावर लॉक नसल्याने जुळणी होत नाही. पण फॉन्ट आहेत, त्यामुळे पेजमेकर उघडतो, पाने दिसतात आणि पोस्टस्क्रिप्टमध्ये निघतात. खरा संगणक फक्त नवी जुळणी करण्यापुरता उरला आहे. लॉक मोडले तर त्याला पर्याय नाही, म्हणून ते पोर्टवरून काढायचे नाही असे ठरले आणि संगणकाची जागा प्रिंटरशेजारी पक्की केली.

एकूण खर्च ४,८४० रुपये झाला. त्यातले ७०० अ‍ॅडॅप्टरचे, वाया गेलेले. रूपांतरित मजकूर पीडीएफसह वाचनालयाकडे मुद्रितशोधनाला दिला आहे. देणगीदारांच्या याद्यांमध्ये टॅबऐवजी मोकळ्या जागा दाबून स्तंभ जुळवलेले असल्याने आडनावे आणि रकमा एकमेकांत मिसळल्या आहेत. तेवढा भाग ताई मूळ पाने समोर ठेवून हाताने लावून देत आहेत.